पडशाचा दावा नाही. दाव्यात मात्र पडसे

जालना/प्रतिनिधी

दिवाळी सरली की मराठवाड्यात पहाटेचा गारवा वाढतो. दुपारचे ऊन मात्र आपला हट्ट सोडत नाही. कुंडलिकेच्या एका काठावरचा जुना जालना असो की पलीकडचा नवा जालना, या दिवसांत प्रत्येक घरात कोणी ना कोणी शिंकत असते. पडशाला आजार मानण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आल्याचा चहा, हळद घातलेले दूध, रात्री निजताना वाफारा आणि फारच झाले तर कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून आणलेल्या चार गोळ्या, एवढ्यावर काम भागते. औषध घेतले तर पडसे आठवड्यात बरे होते आणि न घेतले तर सात दिवसांत, असे गमतीने म्हटले जाते. वैद्यकशास्त्राचे मतही याहून फार वेगळे नाही.

अशा किरकोळ दुखण्याचा आणि वर्षाला हजारो रुपये हप्ता भरून घेतलेल्या आरोग्य विम्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणालाही पडेल. वरवर पाहता संबंध नाहीच. पडशासाठी डॉक्टरांना दिलेली फी विमा कंपनी परत करीत नाही, हे बहुतेक पॉलिसीधारकांना अनुभवाने ठाऊक झालेले असते. परंतु पडसे छातीत उतरले, न्यूमोनिया झाला, रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि काही हजारांचे देयक समोर आले, की याच क्षुल्लक पडशाची कागदोपत्री झालेली नोंद दाव्याचे भवितव्य ठरवू शकते. केसपेपरवर ‘वारंवार सर्दी-खोकला’ हे शब्द कोणी, कसे आणि किती वर्षांचा उल्लेख करून लिहिले, यावर रक्कम मिळणे किंवा अडणे अवलंबून असते. म्हणून या विषयाकडे थोडे बारकाईने पाहणे आवश्यक ठरते.

पॉलिसीत ‘सर्दी’ शब्द आहे, पण वगळण्यासाठी

आपल्याकडे व्यक्तिगत आरोग्य विमा सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो १९८६ मध्ये. जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार सरकारी उपकंपन्यांनी त्या वर्षी ‘मेडिक्लेम’ ही पॉलिसी बाजारात आणली आणि तिचे नाव इतके रुळले की आजही कोणत्याही कंपनीच्या आरोग्य विम्याला लोक मेडिक्लेमच म्हणतात. १९९९ च्या कायद्यानंतर हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले आणि २००६ पासून केवळ आरोग्य विमाच विकणाऱ्या कंपन्याही उभ्या राहिल्या. या लेखात खासगी विमा म्हणजे स्वतःच्या खिशातून हप्ता भरून घेतलेला विमा. मग कंपनी सरकारी असो की खासगी.

या मेडिक्लेम पॉलिसीत ‘डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन’ नावाचे एक कलम असते. रुग्णाला हलविणे शक्य नसेल किंवा रुग्णालयात खाट उपलब्ध नसेल आणि त्यामुळे तीन दिवसांहून अधिक काळ घरीच रुग्णालयासारखे उपचार द्यावे लागले, तर तो खर्च देण्याची तरतूद या कलमात आहे. पण त्याच कलमाखाली, ही सवलत ज्या आजारांना मिळणार नाही त्यांची यादी वर्षानुवर्षे छापली जाते. दमा, ब्राँकायटिस, मधुमेह, रक्तदाब, संधिवात यांच्या जोडीला त्या यादीत इन्फ्लुएंझा, खोकला व सर्दी यांचा नाव घेऊन उल्लेख आहे; टॉन्सिल आणि घशाचे विकारही आहेत. म्हणजे ज्या दुखण्याला आपण आजार म्हणत नाही, त्याची दखल विमा कंपन्यांनी नावानिशी घेतलेली आहे. फक्त ती दाराबाहेर ठेवण्यासाठी! अलीकडच्या काही पॉलिसींत घरच्या उपचारांचे कलम अधिक उदार झाले आहे. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना एकसारख्या अटींवर विकणे बंधनकारक झालेल्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत मात्र घरचे उपचार व बाह्यरुग्ण विभागातील उपचार, दोन्ही सरसकट वगळलेले आहेत.

यामागचा हिशेब समजण्यास अवघड नाही. विमा चालतो तो क्वचित घडणाऱ्या पण मोठा खर्च ओढवणाऱ्या घटनांवर. पडशाचे नेमके उलटे आहे. पडसे घडवून आणणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याला रोखत नाही. त्यामुळे प्रौढ माणसाला वर्षातून दोन-तीन वेळा आणि लहान मुलांना सहा ते आठ वेळा पडसे होणे हे नेहमीचेच आहे. चार जणांच्या कुटुंबात वर्षाकाठी पंधरा-वीस वेळा तीनशे-चारशे रुपयांचा खर्च आणि प्रत्येक वेळी दाव्याचा अर्ज, तपासणी व धनादेश, असा व्यवहार सुरू झाला तर औषधापेक्षा कागदाचाच खर्च जास्त होईल, आणि तो अखेर हप्त्यातूनच वसूल केला जाईल. बाह्यरुग्ण उपचारांचे जादा संरक्षण काही कंपन्या देतात. पण त्याची वार्षिक मर्यादा आणि त्यासाठी वाढणारा हप्ता शेजारी-शेजारी लिहून पाहिल्यास, पुष्कळदा एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेल्याचे दिसते.

श्रीमंत देशांनाही हा प्रश्न सुटलेला नाही. जर्मनीत सार्वजनिक आरोग्य विमा जवळजवळ सर्व नागरिकांना आहे; तरीही अठरा वर्षांवरील रुग्णांना सर्दी-पडशाच्या औषधांचा खर्च तेथील कायद्याने विम्यातून वगळलेला आहे. तेथील खासगी विमाधारक तर छोटी देयके मुद्दाम कंपनीकडे पाठवीतच नाहीत, कारण वर्षभर दावा न केल्यास हप्त्याचा काही भाग परत मिळतो.

चोवीस तास आणि दहा खाटा

विम्याचे दार उघडते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने (इर्डाई) ठरवून दिलेल्या व्याख्येनुसार, सलग किमान चोवीस तास आंतररुग्ण म्हणून उपचार झाले तरच ते ‘हॉस्पिटलायझेशन’ धरले जाते. काही ठरावीक शस्त्रक्रिया व उपचार याला अपवाद आहेत. या चोवीस तासांच्या अटीवरून वाद होतात आणि निर्णय नेहमीच कंपनीच्या बाजूने जात नाहीत. २०२३ मध्ये वडोदरा येथील ग्राहक आयोगाने, आधुनिक उपचारांमुळे रुग्णाला चोवीस तासांच्या आत घरी सोडता आले म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असा निर्णय देऊन कंपनीला रक्कम देण्यास सांगितले होते. तथापि तो आदेश एका विशिष्ट प्रकरणातला होता; पडशासाठी सलाइनची बाटली लावून संध्याकाळी घरी परतलेल्या रुग्णाला त्याचा आधार मिळेल, असे समजणे धाडसाचे ठरेल.

दुसरी अट रुग्णालयाची, आणि जालन्यासारख्या शहरात ती विशेष महत्त्वाची आहे. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात रुग्णालयाला किमान दहा आंतररुग्ण खाटा असाव्यात, त्याहून मोठ्या शहरांत पंधरा. अहोरात्र प्रशिक्षित परिचारिका व पात्र डॉक्टर, स्वतःचे शस्त्रक्रियागृह आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी असाव्यात, असे विम्याच्या व्याख्येत म्हटले आहे. जेथे शासनाकडे रीतसर नोंदणी झालेली आहे, तेथे त्या नोंदणीचाही आधार घेता येतो. महाराष्ट्रात केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू नाही. येथे नोंदणी होते ती १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार होती. अर्थात येथे दहा खाटांचा निकष लागतो. जुन्या वस्तीत चार-सहा खाटांवर चालणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाचे ठरलेले दवाखाने कमी नसतात. उपचार तेथे उत्तम होतात. पण नोंदणीचा क्रमांक देयकावर नसेल तर दाव्याच्या वेळी पहिली शंका तेथेच उपस्थित होते. रात्री अपरात्री रुग्णाला घेऊन निघताना कोणी खाटा मोजत नाही. म्हणूनच ही चौकशी पॉलिसी घेतली त्याच आठवड्यात करून ठेवलेली बरी.

तिसरा अडथळा वैद्यकीय गरजेचा. रोगांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार संकेतांक दिलेले असतात आणि दाव्याच्या अर्जावर तोच संकेतांक लिहिला जातो. साधे पडसे ‘जे-००’ या खणात येते, न्यूमोनियाचा ‘जे-१८’. दावा तपासणाऱ्या डॉक्टरसमोर ‘जे-००’ किंवा ‘श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचा संसर्ग’ असे निदान आणि तीन दिवसांचे वास्तव्य आले, की त्याचा पहिला प्रश्न असतो, हा रुग्ण दाखल का केला? २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा केंद्र सरकारने रुग्णांची अ, ब व क अशी विभागणी केली होती. सौम्य ताप, खोकला व घसादुखी असलेल्या अ गटातील रुग्णांनी घरीच राहावे, त्यांना चाचणीचीही गरज नाही. दाखल करायचे ते धाप, छातीत दुखणे, रक्तदाब घसरणे अशी लक्षणे असलेल्या क गटातील रुग्णांना, असा तो दंडक होता. ज्या दुखण्याबाबत सरकारनेच घरी थांबा म्हटले, त्यासाठी खाट अडविल्याचे समर्थन कठीण जाते.

याला जोडूनच आणखी एक अपवाद सर्व पॉलिसींत एकाच क्रमांकाने छापलेला आहे. केवळ तपासण्या करून घेण्याच्या मुख्य हेतूने दाखल झाल्यास खर्च मिळत नाही. ‘विमा आहेच, तर दोन दिवस ठेवून सगळ्या तपासण्या करून घेऊ’ हा सल्ला कधी रुग्णालयाकडून, कधी नातलगांकडून मिळतो. तो मानणाऱ्याला रक्त, क्ष-किरण व सीटी स्कॅनचे देयक बहुधा स्वतःलाच भरावे लागते. नाडी, ताप, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, श्वासाची गती यांच्या नोंदी दर काही तासांनी झालेल्या असतील आणि शिरेवाटे औषधे देण्याचे कारण लिहिलेले असेल, तर हीच फाइल भक्कम ठरते. अशा नोंदी ठेवणे डॉक्टरांचे काम असले, तरी त्या नसल्याचा भुर्दंड रुग्णावर पडतो.

दोनशे रुपयांची पावती

पडशाचा खर्च अजिबात मिळत नाही, हे विधान पूर्ण खरे नाही. एक वाट आहे आणि ती फारशी कोणी वापरीत नाही. ज्या आजारासाठी रुग्ण दाखल झाला, त्याच आजारासाठी दाखल होण्यापूर्वीच्या काही दिवसांत केलेला खर्च पॉलिसीतून मिळतो. आरोग्य संजीवनीत ही मुदत आधीचे तीस दिवस व नंतरचे साठ दिवस अशी आहे; अनेक पॉलिसींत ती याहून जास्त आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. जुन्या जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुकान चालविणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांना पडसे झाले. चौथ्या दिवशी ते जवळच्या डॉक्टरांकडे गेले, औषध घेतले. आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, छातीचा क्ष-किरण काढला, दहाव्या दिवशी न्यूमोनियाचे निदान होऊन दाखल व्हावे लागले. रुग्णालयाचे देयक ६२ हजार रुपये झाले. त्याआधीच्या दहा दिवसांतील फी, औषधे व क्ष-किरण मिळून २ हजार. एकूण ६४ हजारांतून विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे ४ हजार वजा झाले असे धरू. उरलेल्या ६० हजारांवर आरोग्य संजीवनीच्या अटीनुसार पाच टक्के, म्हणजे ३ हजार रुपये, रुग्णाने सोसायचे. हाती ५७ हजार आले. आधीच्या दोन हजारांच्या पावत्या नसत्या, तर १,९०० रुपये कमी मिळाले असते.

रक्कम मोठी नाही. पण पावत्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. आजार नेमका कोणत्या तारखेला सुरू झाला, कसा वाढत गेला, याचा तो लेखी पुरावा असतो. पडशाच्या गोळ्या बिल न घेता आणल्या आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर तारीख घातली नाही, तर आजाराची सुरुवात सांगायला उरते ती फक्त रुग्णालयातील एक ओळ. ती ओळ पुढे किती महागात पडते, हे लवकरच दिसेल. जाता जाता, न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत वाफ घेण्याचे यंत्र, थर्मामीटर आणि नेब्युलायझरचा संच या सर्दी-खोकल्याच्या नेहमीच्या सोबत्यांचा समावेश आहे, हेही लक्षात ठेवावे.

नव्या पॉलिसीला आणखी एक कुंपण असते. पहिल्यांदा पॉलिसी घेतल्यापासून तीस दिवसांच्या आत कोणत्याही आजारावर झालेल्या उपचारांचा खर्च मिळत नाही. अपवाद फक्त अपघाताचा. घरात खोकल्याची उबळ सुरू झाल्यावर घाईने पॉलिसी घेणाऱ्याचा या कुंपणाशीच गाठ पडते. लहान मुलांच्या बाबतीत मुदत त्याहूनही लांब असू शकते. सतत सर्दी, तोंडाने श्वास घेणे, रात्री घोरणे अशा तक्रारींनंतर अॅडेनॉइड किंवा टॉन्सिल काढण्याचा सल्ला मिळतो. आरोग्य संजीवनीत या दोन्ही शस्त्रक्रियांना पहिले चोवीस महिने संरक्षण नाही. नाकाचे वाकडे हाड व सायनस यांच्या शस्त्रक्रियांनाही बहुतेक पॉलिसींत अशीच प्रतीक्षा असते.

‘यांना बारमाही सर्दी असते’

सर्वाधिक नुकसान होते ते मात्र एका साध्या संभाषणातून. रुग्णाला दाखल करताना निवासी डॉक्टर पूर्वेतिहास विचारतात. रुग्णाला धाप लागलेली असते, उत्तरे देतात ते नातलग. “पूर्वी कधी असा त्रास झाला होता का?” या प्रश्नावर काळजीने बावरलेली पत्नी किंवा मुलगा सहज सांगून जातो, “यांना बारमाही सर्दी असते, दोन-तीन वर्षे झाली.” बोलणाऱ्याच्या मनात थंडी-पावसाळ्यात होणारे पडसे असते. केसपेपरवर उतरते ते ‘तीन वर्षांपासून वारंवार सर्दी व खोकला’. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची असते.

दावा तपासणाऱ्याच्या दृष्टीने ही ओळ म्हणजे धोक्याची घंटा. तीन वर्षांचा खोकला म्हणजे दमा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार असणार, तो पॉलिसीपूर्वीचा असणार आणि प्रस्तावपत्रात तो लपविला असणार, अशी साखळी जोडली जाते. रोखरहित सुविधेची मंजुरी थांबते, मागील उपचारांची कागदपत्रे मागितली जातात; आणि ती नसतातच, कारण पडशासाठी कोणी फाइल ठेवत नाही.

येथे नियम काय म्हणतो, हे पॉलिसीधारकाला माहीत असणे अत्यंत महत्त्वाचे आहे. पूर्वीपासूनचा आजार म्हणजे, पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ठरावीक काळात डॉक्टरांनी ज्याचे निदान केले, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला अथवा उपचार दिले, असा आजार. हा काळ पूर्वी अठ्ठेचाळीस महिन्यांचा होता. २०२४ मध्ये तो छत्तीस महिन्यांवर आणण्यात आला. घरी वाफारा घेऊन बरे केलेले पडसे या व्याख्येत बसत नाही. पाच वर्षांत दहा वेळा झालेले पडसे हे दहा वेगवेगळे संसर्ग असू शकतात. त्यांची बेरीज करून दमा तयार होत नाही. दम्याचे निदान श्वसनक्षमतेची चाचणी व डॉक्टरांच्या तपासणीतून होते, केसपेपरवरील एका ओळीतून नव्हे. आजार पूर्वीचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची आहे, अशी भूमिका ग्राहक आयोगांनी वेळोवेळी घेतली आहे.

अर्थात नाण्याला दुसरी बाजू आहे. दमा खरोखरच असताना, इन्हेलर खिशात असताना, प्रस्तावपत्रात ‘नाही’ असे लिहून पुढे त्याला ‘सर्दीच होती’ म्हणणारेही आहेत. प्रस्तावपत्र भरण्याचे काम आपल्याकडे बहुधा एजंटावर सोपविले जाते. तो सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहितो आणि ग्राहक न वाचता सही करतो. याची जबाबदारी कायद्याने सही करणाऱ्यावर येते. आरोग्यविषयक महत्त्वाची माहिती दडविल्यास दावा नाकारणे योग्य ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने सतवंत कौर संधू प्रकरणात २००९ मध्ये स्पष्ट केले. २०२१ च्या मनमोहन नंदा प्रकरणात त्याच न्यायालयाने कंपन्यांनाही मर्यादा घातली. प्रस्तावकाने प्रकृतीची माहिती दिली, कंपनीने तपासून पॉलिसी दिली, तर नंतर त्याच विकाराचे निमित्त करून दावा नाकारता येणार नाही, असे तो निकाल सांगतो.

मग पडसे प्रस्तावपत्रात लिहायचे का? प्रश्न वाटतो तेवढा बाळबोध नाही. आयुर्विमा महामंडळाच्या नेहमीच्या प्रस्तावपत्रात, गेल्या पाच वर्षांत एक आठवड्याहून अधिक काळ उपचार घ्यावे लागलेल्या आजारासाठी डॉक्टरांचा सल्ला घेतला होता काय, असे विचारलेले असते. एक आठवडा ही मर्यादा अर्थपूर्ण आहे; साधे पडसे त्या आत आटोपते. आरोग्य विम्याच्या प्रस्तावपत्रांतील प्रश्नांची शब्दरचना वेगवेगळी असली, तरी हाच विवेक उपयोगी पडतो. चार दिवसांच्या पडशाची नोंद कोणी मागत नाही. पण सर्दी आठवडेच्या आठवडे टिकत असेल, अॅलर्जीचे औषध नियमित चालू असेल, नाकात फवारा किंवा तोंडाने इन्हेलर घ्यावा लागत असेल, तर तो आजार आहे आणि तो त्याच्या खऱ्या नावाने लिहिला पाहिजे. लिहिल्यास कंपनी फार तर हप्ता वाढवील किंवा प्रतीक्षाकाळ लावील. हा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचाच असू शकतो. लपविल्यास ऐन अडचणीत संपूर्ण दावाच हातचा जातो.

पॉलिसी सलग साठ महिने चालू राहिली असेल, तर माहिती दडविल्याचे कारण सांगून कंपनीला दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. म्हणून हप्ता चुकवून पॉलिसी खंडित होऊ न देणे, हे पडशापासून बचाव करण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

दाखल होताना काय करावे, याचे उत्तर यातूनच मिळते. पूर्वेतिहास सांगणाऱ्याने खरे तेच, पण नेमके सांगावे. या वेळचा त्रास किती दिवसांचा, पूर्वी डॉक्टरांनी कोणता आजार सांगितला होता, कोणती औषधे रोज चालू आहेत, एवढेच. ‘बारमाही’, ‘नेहमीचेच’, ‘जुनेच’ हे शब्द बोलीभाषेत निरुपद्रवी असतात. केसपेपरवर त्यांचे वजन वाढते. चुकीची नोंद झाल्यास रुग्णालयात असतानाच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ती दाखवून, त्यांचे सहीनिशी स्पष्टीकरण घेता येते. घरी आल्यावर महिनाभराने घेतलेल्या अशा दाखल्याकडे कंपनी संशयाने पाहते, आणि त्यात तिचे फारसे चुकते असे म्हणता येत नाही.

साथीने बदललेले चित्र

पडशाला इतके दिवस मिळालेले किरकोळपण २०२० मध्ये संपले. करोना विषाणूंच्या कुळातील चार जण पूर्वीपासून माणसांत साधे पडसेच पसरवीत आले आहेत. त्या कुळाचा नवा सदस्य मात्र जीवघेणा निघाला. घसा खवखवणे आणि नाक वाहणे या लक्षणांनी विमा कंपन्यांचीही झोप उडाली. १० जुलै २०२० पासून विक्रीस आलेल्या ‘करोना कवच’ पॉलिसीत घरी घेतलेल्या उपचारांचा चौदा दिवसांपर्यंतचा खर्च समाविष्ट करण्यात आला. ज्या व्यवस्थेने सर्दी-खोकल्याला घरच्या उपचारांच्या कलमातून नाव घेऊन वगळले होते, तिनेच तशाच लक्षणांच्या आजाराला घरी संरक्षण दिले, ही त्या काळाची किमया. त्याच सुमारास करोनातून बऱ्या झालेल्यांना नवी पॉलिसी देण्यापूर्वी काही कंपन्या काही महिने थांबवू लागल्या.

छोटा दावा करावा की करू नये, हा प्रश्नही अनेकांना सतावतो. दावा केला म्हणून पुढील वर्षी नूतनीकरण नाकारण्याचा अधिकार कंपनीला नाही. परंतु दावा नसलेल्या वर्षासाठी मिळणारा संचित बोनस कमी होतो. आरोग्य संजीवनीत तो दरवर्षी पाच टक्क्यांनी, पन्नास टक्क्यांपर्यंत वाढतो आणि दावा झाल्यास त्याच गतीने घटतो. पाच लाखांच्या पॉलिसीत एक पायरी म्हणजे २५ हजार रुपयांचे संरक्षण. एका रात्रीच्या सात-आठ हजारांच्या देयकासाठी ती पायरी उतरायची का, हे ज्याने त्याने ठरवावे. साठीच्या पुढच्या माणसाने तर विचारपूर्वक ठरवावे. नोकरीतील सामूहिक विम्यात अशी व्यक्तिगत झळ बसत नाही, पण एकूण दावे वाढले की पुढील वर्षीचा हप्ता वाढतो.

सरकारी योजनांकडे पाहिले तर तेथेही पडशाला जागा नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना असो की सत्तर वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून खुली झालेली आयुष्मान भारत योजना, दोन्ही दाखल रुग्णांसाठी आहेत. अपवाद आहे तो कर्मचारी राज्य विमा योजनेचा. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या, नोंदणीकृत कामगाराला दवाखान्यात मोफत तपासणी व औषध देते. आजारपणाच्या रजेत, अटी पूर्ण होत असल्यास, वेतनाच्या सत्तर टक्के रक्कमही. म्हणजे पोलाद कारखान्यातल्या नोंदणीकृत कामगाराच्या पडशाला विमा आहे, आणि त्याच्या मालकाने हजारो रुपये भरून घेतलेल्या पॉलिसीत तो नाही!

दावा फेटाळल्यास

२९ मे २०२४ रोजी इर्डाईने काढलेल्या परिपत्रकाने दाव्यांबाबत काही गोष्टी कंपन्यांवर बंधनकारक केल्या. रोखरहित उपचारांची विनंती आल्यावर एका तासात निर्णय द्यायचा. रुग्णाला घरी सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत. कंपनीच्या समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळायचा नाही, आणि फेटाळल्यास पॉलिसीतील नेमके कोणते कलम लागू केले ते लिहून कळवायचे. ‘पूर्वीचा आजार’ एवढे मोघम उत्तर आले, तर पॉलिसीधारकाने त्या आजाराचे निदान कोणत्या डॉक्टरने, कोणत्या तारखेला केले, हे लेखी विचारावे. पडशाच्या गोष्टीवर उभा केलेला नकार या प्रश्नापाशी बहुधा डळमळतो.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. जालना जिल्हा पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. तेथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षाच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते आणि पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या वादांवर निर्णय मिळू शकतो. लोकपालाचा निवाडा मान्य नसल्यास पॉलिसीधारकाला जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला राहतो. दोन्हीकडे सोबत न्यायच्या कागदांत पॉलिसीची प्रत, प्रस्तावपत्राची प्रत, केसपेपरच्या संपूर्ण प्रती आणि दाखल होण्यापूर्वीच्या त्या दहा दिवसांतील चिठ्ठ्या व पावत्या असाव्यात. प्रस्तावपत्राची प्रत कंपनीकडे मागता येते, आणि अनेकांनी स्वतः सही केलेला तो कागद पहिल्यांदा वाचलेला असतो तो त्याच वेळी.